माधवराव सरांचा आवाज

"मेन स्विच कुणी पाडला? अहो, मेन कुणी पाडला?" अश्वजित संगणकाच्या खोलीतून ओरडतच बाहेर आला. लातूरच्या त्या कोचिंग क्लासचा तो एकुलता एक संगणकवाला.

जिन्याशी झाडूवाली सुमनबाई पोरांना हातानं बाहेर ढकलत होती. "जमीन हालायलीय, दादा! भायेर व्हा आधी!"

जमीन हलत नव्हती. शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली होती, तिच्या धक्क्यानं खिडक्या थरथरत होत्या. पण भूकंपात दोन लेकरं गेलेल्या बाईला हे कोण सांगणार? काही हादरलं की आधी मेन पाडायचा, मग पोरं काढायची, हे क्लासनंच तिला शिकवलेलं. ती अगदी चोख वागली होती.

सर्व्हरच्या डिस्कवर दोन कप्पे होते. एकात जुनी कागदपत्रं, अर्धा रिकामा. दुसऱ्यात माधवराव सरांची फिजिक्सची लेक्चर्स, गच्च भरलेला. घशाच्या ऑपरेशननंतर सरांचा आवाज गेला. तेव्हापासून वर्गात रेकॉर्डिंग बोलायचं आणि सर फळ्यावर लिहायचे. त्यांची नोकरी त्या रेकॉर्डिंगवरच टिकून होती. नव्या बॅचच्या व्हिडिओंना जागा हवी म्हणून अश्वजितनं लिनक्सवर स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली. पहिला कप्पा लहान करायचा, दुसरा सरकवून वाढवायचा, सगळं आपोआप. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढू द्या म्हणून तो संचालकांच्या मागे लागला, तर "पुढच्या महिन्यात बघू." वीज गेली तर सर्व्हर चालू ठेवणारी बॅटरी बसलेली, तिलाही पुढचाच महिना. शेवटी आज त्यानं स्क्रिप्ट तशीच चालू केली. आणि नेमका लेक्चर्सचा कप्पा सरकतानाच मेन पडला; आतला माल अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

अश्वजित दिवसभर झटला. एकही लेक्चर उघडेना. बिघडलेल्या डिस्कमधला माल काढून देणाऱ्या औरंगाबादच्या ओळखीच्या माणसानंही फोनवर हात टेकले.

सुमनबाई दारात आली. "माझ्या हातानं काय इस्कटलं का, दादा?"

"न्हाई मावशी..."

मागून माधवराव आले. त्यांना सगळं कळलं होतं. खिशातला खडू काढून त्यांनी दारावरच लिहिलं, 'पोरं सगळी बाहेर निघाली होती ना?'

अश्वजितनं ते तिला वाचून दाखवलं.

"हाव सर, समदी."

सरांनी तिला नमस्कार केला. अश्वजितला ते पाहवलं नाही.

सरांच्या आवाजाचा एकच तुकडा उरला होता. काम संपल्याची खूण म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी सरांचं नेहमीचं वाक्य वाजावं, अशी गंमत अश्वजितनं करून ठेवली होती. तो तुकडा त्याच्या टेबलावरच्या संगणकात होता. स्क्रिप्ट तिथवर पोचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सर मुक्यानंच फळा भरत गेले. पोरं चुळबुळ करू लागली, मागची दोघं उठूनही गेली. शेवटची ओळ लिहून सरांनी सवयीनं स्पीकरकडे पाहिलं. अश्वजितनं तो तुकडा स्पीकरला जोडून ठेवला होता; त्यानं बटण दाबलं.

"कळलं का रे पोरांनो?"

"हो सर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

सर फळ्याकडे वळले. पुसायला उचललेला हात तसाच वर राहिला.