काटा चाळीसवरच होता

बसा, जरा टेका. आधी एक सांगा, दोघं दोन गोष्टी सांगत असतील तर तुम्ही भरवसा कोणावर ठेवता? रोजच्या ओळखीच्यावर, की कालपरवा आलेल्यावर? बहुतेकांचा कल ओळखीच्याकडे असतो. मी एका घरात चांगलाच ओळखीचा होतो, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

मी वरूडच्या एका ट्रकमधला स्पीडोमीटर बोलतोय. लोक मला नुसतं मीटर म्हणतात. काचेआड लाल काटा आहे, तो वेग दाखवतो. त्याखाली आकड्यांची बारीक चाकं आहेत, ती किलोमीटर मोजतात. गिअरबॉक्सपासून एक तार फिरत फिरत माझ्यापर्यंत येते. ती सांगते तेवढंच मला कळतं. रस्त्यावर मी स्वतः कधी उतरलेलो नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या बाजाराचा अंदाज घेणाऱ्या दुकानदारासारखी माझी गत.

माझा जन्म कारखान्यातला, पण कळता झालो तो देवमनभाऊंच्या हाताखाली. शेंदूरजनाघाटच्या बागांतून संत्री भरायची आणि अमरावती, अकोल्याला पोचवायची, हा त्यांचा धंदा. खरं सांगायचं तर त्यांनी माझ्याकडे कधी धड पाहिलंच नाही. जुना ड्रायव्हर काट्यावर गाडी चालवत नाही, अंदाजावर चालवतो. मी आपला समोर टांगलेल्या कॅलेंडरसारखा. असू द्या म्हटलं, कामाशी काम.

मग देवमनभाऊंच्या मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. पंधरा दिवस ट्रक अंगणात उभा राहिला. शेवटी त्यांची बायको, पौर्णिमाताई, म्हणाली, "मी चालवतो. बापाघरी ट्रॅक्टर चालवतच होती ना मी."

"ट्रॅक्टर अन् ट्रक एक हाय काय वं?"

"लायसन काढून येतो, मंग सांगा."

आणि ती खरंच काढून आली. देवमनभाऊ कमरेला पट्टा बांधून शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी तिला पहिला धडा दिला तो माझ्याबद्दल. "तुया अंदाजाचं काही ऐकू नको. काट्याचं ऐक. मोकळ्या रस्त्यावर पन्नास, माल भरून वळण आलं की चाळीस. काटा खोटं बोलत नाई."

एवढ्या वर्षांत माझं नाव कोणी असं घेतलं नव्हतं. मी जरा फुगलोच.

पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली होती. परतीच्या पावसात ट्रक बागेतल्या काळ्या चिखलात फसला होता आणि ट्रॅक्टर लावून ओढावा लागला होता. तेव्हा देवमनभाऊंनी जुने टायर काढून मोठे, उंच टायर चढवले. टायरवाल्याने नट आवळले, हवा भरली, शेंगदाणे खात गप्पा मारल्या. मला कोणी काही सांगितलं नाही.

मला शंका आली ती मोर्शीमुळे. वरूडहून मोर्शी यायला माझी चाकं किती फिरतात ते मला पाठ आहे. आता माझा आकडा पुरा होण्याआधीच देवमनभाऊ म्हणायचे, "आली मोर्शी, चहा घेऊ." पहिल्यांदा वाटलं, गाव पुढे सरकलं की काय. मग उमगलं. गाव सरकत नाही. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, आणि मी मात्र जुन्याच मापाने मोजत होतो. काटा चाळीस दाखवायचा तेव्हा ट्रक चव्वेचाळीसने धावत होता. पन्नासला पंचावन्न.

आणि ती बाई माझ्याकडे बघून गाडी चालवत होती.

ओरडावं तर मला तोंड नाही. काटा पुढे ढकलावा तर तो तारेच्या ताब्यात. संत्र्यांनी भरलेला ट्रक, अरुंद रस्ता, समोरून एसटी, आणि तिच्या डोळ्यांचा भरवसा माझ्यावर. वळण जवळ आलं की माझी काच आतून घामेजते असं मला वाटायचं.

व्हायचं ते झालं. ओढ्याच्या पुलाआधी एक आखूड वळण आहे. तिथे मागचा भार एका अंगाला गेला, ट्रक कलला, दोन चाकं कच्च्या साइडपट्टीवर उतरली आणि वरच्या थराची कॅरेट धडाधड खाली आली. गाडी पुलाच्या कठड्याजवळ थांबली. संत्री ओढ्यापर्यंत घरंगळत गेली.

"चाळीस सांगतलं होतं ना तुले?"

"चाळीसच होते."

"चाळीसनं गाडी अशी कलते काय? वीस वर्सं झाले मले या वळणावर."

"मी काट्याकडेच पाहून राहिली होती."

"मंग काटा खोटा अन् तू खरी?"

ती खाली उतरून फुटलेली संत्री वेचायला लागली. आठवड्याने त्याच वळणावर पुन्हा तसंच झालं. माल वाचला, पण देवमनभाऊंच्या पाठीत अशी कळ गेली की ते रस्त्याच्या कडेला आडवे झाले.

मला त्यांनीच एकदा रस्त्यात सांगितलेली गोष्ट आठवत होती. अकोटला एक कापडवाला होता, सचोटीचा माणूस. त्याच्या मीटरपट्टीच्या टोकाचं पितळी टोपण कधीतरी गळून पडलं आणि पट्टी बोटभर आखूड झाली. त्याला पत्ता नाही. बायकांची पोलकी दंडात रुतायला लागली आणि शिव्या खात होता बिचारा शिंपी. देवमनभाऊ ही गोष्ट सांगून पोट धरून हसायचे. आता त्यांच्याच गाडीत पट्टी मी होतो आणि शिंपी पौर्णिमाताई, पण ते हसत नव्हते.

"दिवाळी झाली की गिऱ्हाईक पाहतो," ते म्हणाले. "इकून टाकू ट्रक. जीव जाईन एखाद्याचा."

तिने किल्ली त्यांच्या हातात दिली. "नाई चालवत मी. पण मी खोटं बोलली नाई."

पुढच्या खेपेला दात-ओठ खात देवमनभाऊच स्टिअरिंगवर बसले. पौर्णिमाताई डाव्या सीटवर. आता बघा, किलोमीटरचे दगड असतात रस्त्याच्या डाव्या अंगाला. स्टिअरिंगवरून तिला मी दिसायचो. डावीकडून तिला दगडही दिसायला लागले आणि मान वळवली की मीही. हाताला काम नव्हतं म्हणून ती नुसती बघत होती.

"अवो, दगड आला. याचा आकडा अजून फिरला नाई."

"दगड सरकवला असन कोनं."

पुढचा दगड आला, मी आणखी मागे पडलो. तिसऱ्याला आणखी. माझा जीव टांगणीला लागला होता. बाई, बघत राहा, मोजणं सोडू नका, एवढंच मनात. दहावा दगड गेला तेव्हा माझ्याकडे नऊच किलोमीटर भरले होते, वर थोडा चुरा.

"एक दगड खोटा असन," ती म्हणाली. "दहाही खोटे कसे असतीन?"

देवमनभाऊंनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरले, चाकाजवळ गेले, वितीने टायरची उंची मोजू लागले. वर आले तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "टायर."

तरी पठ्ठ्याने आधी जुगाडच काढला. "नेलपॉलिश दे. छत्तीसवर खूण करू. तेच तुये चाळीस."

"खोट्यावर खूण केली तर ते खरं होते काय? उद्या दुसरा कोनी बसला तर त्याले कोन सांगन? नीट करून घ्या."

अकोल्याच्या मीटर दुरुस्तीवाल्याने आधी ऐकून घेतलं, मग हसून विचारलं, "टायर मोठे घातले भाऊ, मीटरले सांगतलं होतं काय?"

त्याने गिअरबॉक्सपाशी तारेला फिरवणारं दातेरी चक्र काढलं आणि कमी दात्यांचं बसवलं, म्हणजे तार जरा जोरात फिरेल. पहिल्या चक्राने मी उलट दगडांच्याही पुढे पळालो. मला भीती वाटली, आता हे कंटाळणार, काढून भंगारात टाकणार. पण पौर्णिमाताई म्हणाली, "पुन्हा पाहू." दुसरं चक्र बसलं. मूर्तिजापूरच्या रस्त्याला दहा दगड पाहिले, दहाला दहा.

"चाल, तू घे," देवमनभाऊ किल्ली पुढे करत म्हणाले. आणि मग, चप्पल शोधत असल्यासारखे खाली वाकून, "चूक मायी होती. तुया शब्दावर नाई, काट्यावर भरोसा ठेवला."

आता ओढ्याचं वळण येतं तेव्हा काटा चाळीसवर असतो आणि ट्रकही चाळीसवरच असतो. मागे कॅरेट हलत नाहीत. देवमनभाऊ डाव्या सीटवर मान टाकून चक्क घोरतात.

मला मात्र झोप नाही. टायर झिजतात, रोज थोडे थोडे. माझं माप पुन्हा कधी ढळेल ते मला आतून कळणार नाही. म्हणून एक विनंती. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात, दुकानात, गाडीत असेल, तर त्याच्या तोंडावर जाऊ नका. खालची चाकं बदलली की वरच्यालाही कळवा. अधूनमधून बाहेरच्या दगडाशी ताडून बघा. आणि हिशेब जुळला नाही, तर समोरच्या माणसावर बोट ठेवण्याआधी माप तपासा. हिशेब खरा ठेवा, बाबांनो. तो चुकला तर मी काचेआड सुखरूप असतो, वळणावर तुम्ही असता.