अर्धा राहिलेला डाव

कंपोझिटरच्या घरातला कॉम्प्युटर चौदा महिने एकदाही बंद झाला नव्हता. त्याने होऊच दिला नव्हता. बायको गेली त्या दिवशी ती त्यावर पत्ते खेळत होती, आणि डाव तसाच पडद्यावर राहिला होता. कोणीतरी म्हणालं, बंद केलात तर जाईल तो. झालं. तो आपोआप बंद-चालू होऊ नये म्हणून त्याने इंटरनेटची वायर उपटून ठेवली, टेबलाखाली बॅटरी बसवून घेतली, आणि माउस उचलून खणात ठेवून दिला.

आयुष्यभर त्याने छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते. एखादं पान दोनदा नजरेखालून गेलं की डोक्यात बसायचं. पत्त्यांच्या बाबतीत मात्र तो ढ. बायको शिकवायला बसली की पाचव्या मिनिटाला याला जांभई.

आता रोज सकाळी तो चहाचा कप घेऊन त्या पडद्यासमोर बसे. हिरव्या रंगावर पानांच्या आठ रांगा. वर डाव्या कोपऱ्यात चार सुटी पानं, उजव्या कोपऱ्यात दोन एक्के. खालच्या डब्यातला पंखा घुं घुं करत असे. अर्धवट झोपेत तो आवाज कानावर आला की ती पलीकडच्या खोलीत बसलीय असंच वाटे, आणि तो कूस बदलून परत झोपून जाई. कधी स्वप्नात तो त्या हिरव्यावरून चालत असे. पानं दारांएवढी उंच. कुठल्या तरी पानामागे कपबशी वाजे. तो जवळ जाई, तर ती पुढच्या पानामागे वाजे.

त्या दिवशी त्याने हाक मारली होती. "अगं, माझा चष्मा कुठंय?"

"आले," ती म्हणाली होती. मग खुर्ची सरकली, आणि मग दारातच ती खाली बसली, ती बसलीच. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, तुमच्या हाकेचा काही संबंध नाही. कंपोझिटरने मान डोलावली. चष्मा त्याच्या कपाळावर होता. तिचा शेवटचा डाव आपण मोडला, हे त्याने डॉक्टरांना सांगितलं नाही. मुलीलाही नाही. कोणाला सांगण्यासारखं आहे का ते?

मग एका मंगळवारी जेवण झाल्यावर जळका वास आला. पडदा काळा झाला. पंखा थांबला आणि घर इतकं गप्प झालं, की त्याला आपलाच श्वास परका वाटला.

वॉरंटीचं कार्ड खणातच होतं, तिच्या अक्षरात तारीख घातलेलं. त्याने कंपनीला फोन लावला.

"सर, तुमची वॉरंटी एकोणीस दिवसांपूर्वी संपली," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अहो, पण एकोणीस दिवसांपूर्वी तो चालू होता!"

"हो सर. संपेपर्यंत चालतातच ते."

त्याने डबा चादरीत गुंडाळला, आजारी माणसाला न्यावं तसा रिक्षात मांडीवर घेतला, आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना उघडी पडलेली यंत्रं, आत हिरवे-निळे दिवे मिणमिणत होते. बाहेरच्या रस्त्याचा आवाज तिथे पाण्याखालून आल्यासारखा येत होता. दुरुस्तीवाल्या बाईने झाकण काढलं आणि पदर नाकाला लावला.

"काका, यात गादी भरायला घेतली होती का?"

"का?"

"धूळ बघा ना. शेवटचा बंद कधी केला होता?"

"केलाच नाही. चौदा महिने."

"अहो, माणूससुद्धा रात्री झोपतो!" तिने आतलं एक चपटं खोकं बाहेर काढलं. "पॉवर सप्लाय जळलाय. नवा घालते. फोटो, कागद, सगळं शाबूत असेल, घाबरू नका."

"आणि पत्ते?"

ती हसली. त्याचा चेहरा बघून थांबली. मग स्टूल पुढे ओढून म्हणाली, "बसा. कसले पत्ते?"

त्याने सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं, कसं कोण जाणे. दिव्यांच्या उजेडात ते सांगणं सोपं गेलं.

"उघडा ठेवलेला डाव वीज गेली की जातो, काका," ती हळूच म्हणाली. "तो नाही आणता येणार."

"मला पाठ आहे तो."

"सगळा?"

"पहिली रांग," त्याने डोळे मिटले. "बदामची राणी. किलवरची सत्ती. चौकटचा गुलाम..."

तिने खणातून कॅट काढला, टेबलावरचे स्क्रू बाजूला लोटले, आणि तो सांगेल तशी पानं मांडत गेली. आठ रांगा झाल्या. चार सुटी पानं, दोन एक्के. हातात एकही पान उरलं नाही. "बावन्नच्या बावन्न!" ती म्हणाली. "हा खेळ मीही खेळते. गिऱ्हाईक नसलं की."

मग ती मांडलेल्या डावाकडे बघत राहिली. एका रांगेच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं, दुसऱ्या रांगेपाशी नेलं, परत आणलं. असं आठही रांगांचं केलं. चार सुट्या पानांचं केलं.

"काका, यात खेळायला काही नाहीये."

"म्हणजे?"

"लाल पान काळ्यावर जातं, काळं लालवर, तेही एकाने कमी असलं तर. इथे एकही जात नाही. एक्क्यांवर चढवायलाही काही नाही. वरच्या चारही जागा भरलेल्या. काकू हरल्या होत्या. हा डाव अर्धा नाहीये. संपलेला आहे."

कंपोझिटर पानांकडे बघत राहिला. त्याला ती दुपार पुन्हा ऐकू आली. "आले," ती म्हणाली. त्यानंतर माउस वाजला होता. टिक. टिक. बराच वेळ काही नाही. मग आणखी एकदा, टिक. खुर्ची त्यानंतर सरकली होती.

त्याला हसू आलं, आणि ते आवरेना.

"काय झालं?"

"चौतीस वर्षं संसार केला, ताई. माझ्या एकाही हाकेला तिने डाव सोडला नव्हता. भात करपला तरी नाही."

"मग त्या दिवशीच कशाला सोडतील?" बाई म्हणाली आणि नवा पॉवर सप्लाय बसवायला लागली. पानं तिने तशीच राहू दिली. पंखा फिरला तेव्हा तिने विचारलं, "चालू ठेवू?"

"नको. बंद करून द्या."

घरी येऊन त्याने डबा टेबलाखाली ठेवला, वायर लावली नाही, आणि पडल्या पडल्या त्याला झोप लागली. स्वप्नात ती पाठमोरी बसली होती, समोर हिरवा उजेड. त्याने हाक मारली.

"आले," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

तो दारात टेकून उभा राहिला. घाई नव्हती.