वारा वजा करून

सूर्यफुलाच्या बीचं एक टरफल, अर्धंच, दातांनी मधोमध फोडलेलं... अंगात घातलेल्या मर्लच्या जाकिटाच्या खिशात, अगदी तळाच्या शिवणीत अडकलेलं लॉरेटाच्या बोटाला लागलं आणि बोट तिथंच थांबलं. जाकीट धुवायचं राहून गेलं म्हणून हे उरलं, की हे उरावं म्हणून जाकीट धुवायचं राहून गेलं – असला विचार शेवटपर्यंत न्यायची ताकद तिच्यात नव्हती. समोर मैदानावर पोरं धावत होती, ऊन होतं, नदीकडून वारा येत होता, आणि टरफलाची एक कड खरखरीत होती. एवढंच. मर्ल टरफलं नेहमी कागदी पेल्यात थुंकायचा, सभ्यपणे, तोंडापुढे हात धरून. मग हे खिशात कसं आलं? एखाद्या पोरानं अचानक चेंडू लांब टोलावला असेल, आणि पेला शोधायला सवड झाली नसेल...

फोन वाजला. गसचा.

"पोचलीस का मैदानावर?"

"पोचले."

"अगं, मी म्हणतो, कशाला एवढा दीड तास गाडी हाकत गेलीस? विल्फ्रिनचं काय ते सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षांचा घोडा, तिसऱ्या वर्षी बेसबॉलच्या त्याच खालच्या इयत्तेत. आमच्याकडे अशा पोराला मोठ्या माणसासारखी आडनावानं हाक मारायला लागतात."

"बघते तर खरं."

"बघ बाई. पण पाचच्या आत एक नाव कळव. नाहीतर नियमाप्रमाणे मलाच कुणाला तरी काढावं लागेल, आणि मी कुणाला काढणार हे तुला सांगायला नको."

"नको," ती म्हणाली. हे 'नको' नक्की कशाला होतं ते गसला कळलं नाही, तिलाही नाही. त्यानं फोन ठेवला.

हा सगळा बारा पुरुषांचा खेळ. बारा जण, बारा कागदी संघ. खऱ्या मैदानावर खरा खेळाडू खरा चेंडू मारतो आणि त्याचे गुण इथं आयोवात बियाणं विकणाऱ्या गसच्या किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मर्लच्या पदरात पडतात. बायका म्हणायच्या, दारूपेक्षा बरं. पण खरी नशा मोठ्या खेळाडूंची नव्हतीच, पोरांची होती. सतरा-अठरा-वीस वर्षांची, अजून कुठंच न पोचलेली, असल्या आडगावच्या मैदानांवर बसमधून उतरणारी पोरं. कोण मोठा होईल, कोण वाटेत गळेल, हे आधी ओळखायचं आणि त्याला आपल्या नावावर लावून ठेवायचं, वर्षानुवर्षं वाट बघत. प्रत्येकाला मोजकीच पोरं सांभाळायची मुभा. जूनमध्ये नवी येतात म्हणून त्याआधी जुन्यातलं एक सोडायचं. आणि सोडताना, हा त्यांचा रिवाज, त्या पोराला एका वाक्यात निरोप द्यायचा, बाराही जणांना वाचता येईल असा. शिवी द्यायची नाही, खोटं लिहायचं नाही. मर्लचे निरोप गाजलेले. 'हात सोन्याचे, डोळे उसने.' किंवा, 'याचं चेंडूवर फार प्रेम होतं, चेंडूनं कधी लग्नाचं काढलं नाही.' स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो वाक्य घोळवायचा, आणि ती बटाटे सोलत असली तरी तिला ऐकवायचा, पुन्हा पुन्हा, एक शब्द बदलून.

मर्ल गेला तेव्हा चर्चच्या तळघरात गस तिच्यासमोर कागदी ताटली घेऊन उभा राहिला होता. ताटलीत हॅमचं सँडविच. इतक्या पोरांना त्यानं निरोप दिला होता, एकदाही अडला नव्हता. तोंड उघडलं, मिटलं. "डोळा चांगला होता त्याचा," शेवटी म्हणाला, आणि कॉफीकडे वळला. तिनंही काही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "मोहरीचा सॉस पलीकडे आहे."

आणि त्यानंतर काहीच नाही. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. फेब्रुवारीत पाहिली, मार्चमध्ये पाहिली, मग वाट पाहणंही राहून गेलं. शेजारणींनी भट्टीत भाजून आणलेले कॅसरोल संपले, भांडी घासून परत गेली. संघाचं काय करायचं असं गसनं विचारलं तेव्हा "राहू दे माझ्याकडे" असं ती म्हणाली, कारण नाही म्हटलं असतं तर तो आणखी बोलला असता.

"बिया घेतेस?" शेजारच्या बाकड्यावरची म्हातारी पिशवी पुढे करून विचारत होती. बर्निस. इथं रोज येते, यजमान संघाची आजी असल्यासारखी, आणि पाहुण्यांची सासू असल्यासारखी. आल्या आल्याच तिनं आपलं नाव सांगितलं होतं, गुडघ्याच्या ऑपरेशनसकट.

"नको."

"नको तर नको. तो बघ आला तो लांबुडका. ए बाळा! बॅट धरलीस ती आईनं सुकवायला दिली होती काय?"

विल्फ्रिन सेपेदा. उंच, खांदे अजून अंगावर मावायचे बाकी असल्यासारखे. पहिल्याच खेपेला त्यानं बाहेर चाललेल्या, खाली बुडणाऱ्या चेंडूमागे बॅट फिरवली आणि हुकला, मग पुन्हा तसल्याच चेंडूमागे, मग पुन्हा. तिसऱ्यांदा तर चेंडू जवळजवळ मातीत होता. तीन हुकले, म्हणजे बाद. परत जाताना त्यानं बॅटकडे पाहिलं, तिची चूक असल्यासारखं.

"पंचेचाळीस," लॉरेटाच्या मनात आलं. नाही, चाळीस. ही मोजपट्टी मर्लची. म्हणजे जगातल्या सगळ्याच पारख करणाऱ्यांची, पण तिच्या घरात मर्लची. वीसपासून ऐंशीपर्यंत. वीस म्हणजे काही नाही, ऐंशी म्हणजे देवाघरचं, पन्नास म्हणजे चारचौघांसारखं. या मापानं तो सगळंच मोजायचा. तिच्या सफरचंदाच्या पायचं आवरण साठ, सारण पंचावन्न. नव्या पाद्र्याचं प्रवचन तीस, पण आवाज सत्तर. इस्पितळात नर्सनं विचारलं होतं, दुखणं एक ते दहात किती? तर म्हणाला, "आमच्यात दहा नसतात ताई. पंचावन्न लिहा. पुढे वाढायला वाव आहे." नर्स हसली होती. लॉरेटाही हसली होती, खिडकीकडे तोंड करून... आणि आता कुणी विचारलं, कशी आहेस लॉरेटा? की ती मनात म्हणते, पन्नास. रोज पन्नास. चांगलं नाही, वाईट नाही, कुणी दखल घेणार नाही असं.

दुसऱ्या खेपेला विल्फ्रिननं चेंडू हळूच जमिनीवर ढकलला आणि बाद झाला. बर्निस म्हणाली, "माझी मांजर याहून जोरात ढकलते गं."

मर्लनं या पोराला तीन वर्षं का धरून ठेवलं हे बाराही जणांना ठाऊक होतं, आणि तो त्यांचा लाडका विनोद होता. त्यांच्यातला जुना नियम – स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पोराच्या प्रेमात पडायचं नाही. आकडे बघावेत, वय बघावं, वयाच्या मानानं कुठल्या इयत्तेत आहे ते बघावं. कारण एकदा का तुम्ही उन्हात बसून एखाद्याचा एक चेंडू आकाशात जाताना पाहिलात, की मग संपलं. पुढचे चारशे चेंडू तुम्हाला दिसतच नाहीत. आणि मर्लनं तो एक चेंडू पाहिला होता. ॲरिझोनात, लॉरेटाबरोबर लग्नाच्या वाढदिवसाच्या सहलीत. ज्या मैदानांवर तिकीटही नसतं आणि प्रेक्षकही नसतात अशा एका मैदानामागे, तारेच्या कुंपणाला नाक लावून.

मी होते तिथं. माझ्या डोक्यावर त्याच सकाळी घेतलेली गवती टोपी होती, आणि वारा असा की ताडाची झाडं सगळी एकीकडे वाकलेली, केस विंचरल्यासारखी. सतरा वर्षांचा विल्फ्रिन उभा राहिला, त्यानं चेंडू मारला, मर्लनं माझं मनगट धरलं... आणि त्याच क्षणी माझी टोपी उडाली. मी टोपीमागे धावले. चेंडू कुंपणापलीकडे गाड्यांच्या तळावर पडला, आणि माझी टोपी त्याच दिशेनं, त्याच कुंपणाला जाऊन चिकटली. टोपीला काही कुणी करारबद्ध केलं नाही. मी परत आले तेव्हा मर्लचा चेहरा... कसा सांगू, बाप्तिस्म्यानंतर पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा होता. "पाहिलंस? लॉरी, पाहिलंस?" मी म्हटलं, पाहिलं. वाऱ्याचं म्हटलं नाही. वाढदिवस होता, टोपी सापडली होती, आणि इतका आनंदलेला नवरा रोज कुठे बघायला मिळतो? म्हटलं, सांगू कधीतरी. घरी गेल्यावर. पुढच्या उन्हाळ्यात.

नऊपैकी सहाव्या डावात विल्फ्रिन तिसऱ्यांदा आला तेव्हा लॉरेटाला वाटलं की आता निघावं. वाक्य तर तयारच होतं, गाडी चालवतानाच जुळलं होतं – 'एका वाऱ्याच्या दिवशी हा फार मोठा खेळाडू होता.' मर्लला आवडलं असतं. एखादा शब्द बदलला असता त्यानं. ती पर्स उचलायला वाकली. पहिला चेंडू बाहेर बुडणारा होता. विल्फ्रिनचे खांदे हलले, आणि थांबले. सोडला त्यानं. दुसराही तसाच, आणखी मोहक. तोही सोडला. पर्सचा बंद हातात धरून लॉरेटा अर्धी वाकलेलीच राहिली. तिसरा चेंडू आत आला.

आवाज. लाकडाचा आवाज असा असतो हे ती विसरली होती. कोरडा, पूर्ण, कुठंही चिरफळी नसलेला. चेंडू वर गेला, आणखी वर, नदीच्या बाजूला, आणि तिची नजर चेंडूवर न जाता कुंपणावरच्या झेंड्यांवर गेली. सगळे झेंडे ताठ, टोकं तिच्याकडे. वारा समोरून येत होता. चेंडू कुंपणाच्या वर पोचला, तिथं थांबला, खरंच थांबला असं वाटलं, दारापर्यंत येऊन आत शिरावं की नाही असा विचार करणाऱ्या पाहुण्यासारखा, आणि मग सरळ खाली आला. कुंपणाला पाठ टेकून उभ्या असलेल्या पोरानं तो अलगद झेलला.

"बाद!" बर्निसनं टाळी वाजवली. मग वर बघून म्हणाली, "बाई, बस की. मागच्यांना दिसत नाही."

मागे कुणीच नव्हतं. पण लॉरेटा उभी होती हे खरं. कधी उठली ते तिला आठवेना.

फोन पुन्हा वाजला.

"काय दिवे लावले आपल्या कुलदीपकानं?" गस.

"तीनदा आला. तीनदा बाद."

"झालं तर मग. निरोप तू लिहितेस की मी लिहू? खरं तर तू लिहावास. मर्लकडून म्हणून."

"थांब जरा."

"आता कशाला थांबायचं?"

"वारा होता, गस."

पलीकडून हसू आलं. वाईट नव्हे, थकलेलं, दयाळू हसू. "लॉरेटा, लॉरेटा. तूसुद्धा? अगं, अगदी मर्लच बोलल्यासारखं वाटलं."

"मर्ल वाऱ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही कधी!" तिचा आवाज इतका चढला की बर्निसनं बिया चावणं थांबवलं. "तोच तर घोळ होता! त्याला वारा दिसलाच नाही. माझी टोपी गेली तरी दिसला नाही."

"कसली टोपी?"

तिनं फोन बंद केला. पर्सची चेन खसकन ओढली. हे काय आहे, तिनं स्वतःला विचारलं... आणि ओळखीचं वाटलं. राग. साधा, घरगुती, संध्याकाळी टेबलाशी बसून नवऱ्यावर काढायचा राग. चुकीच्या चेंडूच्या प्रेमात पडलास, मर्ल. तीन वर्षं. तो पंचेचाळीसचा फटका होता, टोपीच्या लायकीचा. आणि आजचा, वारा वजा करून, पासष्ट. कदाचित सत्तर. जगातल्या कुठल्याच आकड्यात तो दिसणार नाही, बाद एवढंच लिहिलं जाईल, आणि दोन्ही चेंडू पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, आणि तू मेलास. भांडण अर्धवट टाकून उठून गेलास. आता मी कुणाला सांगू की पोरगं तुझंच बरोबर होतं, पण कारण चूक होतं? किंवा माझं कारण चूक असेल. मीही उन्हात बसून एक चेंडू पाहिला आणि संपले. तू असतास तर म्हणाला असतास, दोन सोडले ना त्यानं आधी? ते बघ, लॉरी. चेंडू नको बघू, सोडलेले बघ. आणि मी म्हटलं असतं, ते मीच आधी पाहिलं...

काहीतरी दुखत होतं. किती, ते तिला सांगता आलं नसतं. पन्नास मात्र नव्हतं.

"बर्निस," ती म्हणाली, "द्या बरं त्या बिया."

म्हातारीनं पिशवी पुढे केली. मीठ जिभेला झोंबलं. किती तरी महिन्यांत जेवणाला अशी चव आली नव्हती, आणि या तर नुसत्या बिया. दोन डाव उलटले, तरी झेंडे अजून तिच्याकडेच तोंड करून उभे होते. पाच वाजायला अवकाश होता. वाक्य अजून डोक्यात होतं, पण त्यातला 'होता' खटकत होता, आणि दुसरा शब्द सुचत नव्हता.

"आला गं तुझा लांबुडका," बर्निस म्हणाली. "शेवटची खेप. ओरडू का नको?"

"ओरडा," लॉरेटा म्हणाली. "त्याला सवय व्हायला हवी."

विल्फ्रिननं पायानं माती सारखी केली, बॅट उचलली. चेंडू टाकणाऱ्या पिचरनं मान हलवली. लॉरेटाच्या दातांखाली बी फुटली. पेला कुठे आहे ते बघायला सवड नव्हती. टरफल तिनं हातावर घेतलं आणि नजर न हलवता खिशात टाकलं.