चौदा घरं, सत्तर चिंचोके

आईची बॅग मी भरून ठेवली होती. काचबिंदूने तिची दृष्टी पूर्ण गेली त्याला सात महिने झाले होते, आणि नंदिगड्ड्याच्या घरात ती एकटी राहत होती. शेजारची येसू तेवढी पाणी भरून द्यायची. तीनच्या बसने तिला धारवाडला न्यायचं मी ठरवलं होतं.

"एक डाव खेळू," ती म्हणाली. "तू जिंकलीस तर येते. हरलीस तर बॅग रिकामी कर."

तिने अळगुळीमणे काढलं. फणसाच्या लाकडाची फळी, दोन रांगांत चौदा खळगे, प्रत्येकात पाच चिंचोके. एका घरातले सगळे उचलायचे, पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं आणि शेवटी रिकामं घर लागलं की त्याच्या पलीकडच्या घरातले जिंकायचे. मला हे तिनेच शिकवलं होतं. आता तिला हरवायचं, याचं मला आधीच वाईट वाटत होतं.

चौथ्या फेरीला तिने हात वर केला.

"थांब. तिसऱ्या घरात पडला न्हाई."

"पडला की."

"आवाज आला न्हाई, बाई. कॉलेजात पोरांना असंच मोजाया शिकवतीस?"

चिंचोका खरंच माझ्या घामेजल्या बोटाला चिकटला होता.

मग मी तिच्याकडेच पाहत राहिले. दर चालीला चौदा आकडे बदलत होते. मी डोळे मिटून पाहिलं, तर दोन चालींतच सगळा हिशेब विस्कटला. ती मात्र चाचपतही नव्हती. तिचा हात थांबायचा तिथे तिला हवे तेवढेच चिंचोके असायचे. इतकी वर्षं प्रयोगशाळेत घालवून असलं मोजमाप मी पाहिलं नव्हतं.

शेवटी माझ्या बाजूला एकच भरलेलं घर उरलं. ते तिला जिंकता येत होतं. तिने दुसरंच उचललं.

"आई, चुकलीस."

"चुकले न्हाई. कोनफळाचा कंद खणला की मुंडकं परत मातीत पुरतो का न्हाई? सगळंच उपटलं तर फुडच्या साली काय? तुझ्याकडं बी उरलं पायजे की खेळाया."

मोजले. तिचे त्रेचाळीस, माझे सत्तावीस.

वळणावर बसचा हॉर्न वाजला आणि दूर गेला. मी बॅग उघडून साड्या फडताळात ठेवू लागले.

"जाड्या डावीकडं, पातळ उजवीकडं," ती म्हणाली. "न्हाईतर मला सापडायच्या न्हाईत. आणि मग घरं भर."

मी एकेका खळग्यात पाच पाच टाकत गेले. ती ऐकत होती.