चिमण्या हाकायचं पिस्तूल

हरिदास उस्तादांना लेकीच्या घरी एकच गोष्ट खटकत होती, ती म्हणजे चहा. अंबिका कप अर्धाच भरायची. तो संपला की पुन्हा अर्धा. घर दोह्याच्या अल दुहैल भागात, कंपाउंडात पोहायचा तलाव, जावई रास लफानला गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर, आणि चहाला मात्र हात आखडता! "आखातात येऊन आमची पोरगी चिक्कू झाली," असं ते जावयाला म्हणालेसुद्धा. गंधार नुसता हसला आणि शिफ्टची बस गाठायला निघून गेला.

पोलीस प्रशिक्षणात नेमबाजी शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. हरिदासांची उभी हयात नाशिकला नव्या पोरांकडून चांदमारी करून घेण्यात गेली होती. पिस्तुलाच्या गोळ्यांबद्दल त्यांची मतं ठाम. पॉइंट फोर्टी-फाइव्ह म्हणजे मारका बैल, समोरच्याआधी तुमचंच मनगट उखडील. नाइन एमएम हे खरं गुणी जनावर, अंगात ताकदही आहे आणि सांगितलेलं ऐकतंही. आणि पॉइंट टू टू? "ती चिमण्या हाकायला ठेवा," म्हणून ते पोरांना हसवायचे.

पण गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात बेइमान झाला होता. मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरायचा. काही घट्ट पकडलं की गप्प, जरा सैल पडला की पुन्हा सुरू. डॉक्टरला दाखवायची छाती झाली नव्हती. दोह्यात आल्यापासून तो हात एक तर खिशात असायचा, नाही तर सोफ्यावरच्या उशीखाली. अंबिकेला कळलं की संपलंच. त्यांची बायको सत्यभामा गेल्यापासून 'अण्णा, इथेच राहा' म्हणून ती मागे लागलीच होती. पुढच्या गुरुवारचं परतीचं तिकीट रद्द होईल, नाशिकच्या घराला कुलूप लागेल. मग परसातला पेरू, सकाळची मित्रमंडळी, स्वतःच्या दाराची स्वतःकडे असलेली किल्ली, सगळ्यावर पाणी.

आणि नेमकं शुक्रवारी सकाळी लेकीने त्यांना गाडीत घालून नेलं ते शूटिंग रेंजवर. वडिलांना खूश करायचं म्हणे! आली का पंचाईत!

काउंटरवर नबीला नावाची तरुण प्रशिक्षक होती. कुठलं पिस्तूल हवं, असं तिने विचारलं. तिन्ही प्रकारच्या गोळ्या काचेखाली मांडून ठेवलेल्या.

"दोघांनाही टू टू," अंबिकेने घाईघाईने सांगून टाकलं.

उस्तादांचा पारा चढला. "मला? टू टू?"

"मला भीती वाटते ना, अण्णा. तुम्ही बरोबर असलात म्हणजे..."

"तू घे चिमण्यांची. मॅडम, मुझे नाइन एमएम."

"यल्ला, चलो बाबा," नबीला म्हणाली. "मगर दोनों हाथ से."

उस्तादांच्या काळात एका हाताने मारण्यात मर्दुमकी होती. कुरकुरत का होईना, त्यांनी दुसरा हात लावला. पिस्तूल हातात येताच थरथर थांबली. त्यांना वाटलं, वा रे पठ्ठ्या, अजून ओळखतोस की! पहिली गोळी टार्गेटच्या बरोबर मधोमध बसली. दुसरीच्या वेळी धक्क्याने वर गेलेलं मनगट जागेवर यायच्या आतच चाप ओढला गेला आणि ती वर गेली. तिसरी कागदाच्या पार कडेला. "पहिली कुणाचीही लागते रे," असं ते पोरांना सांगायचे, "दुसरी कुठे बसते ते बघा." आता स्वतःची दुसरी बघून त्यांना घाम फुटला.

मॅगझिन रिकामं झालं. ते पुन्हा भरायला घेतलं, तर बोटांना ते बारीक काम जमेना. एक काडतूस निसटलं. मग आणखी एक. गोळ्या टेबलावरून घरंगळल्या आणि हात, आता खिशात लपवायला उसंतही नाही, सगळ्यांदेखत थरथरू लागला.

अंबिका वाकली. तिने गोळ्या उचलल्या, वडिलांच्या चेहऱ्याकडे न बघता मॅगझिन त्यांच्या हातून घेतलं आणि अंगठ्याने एकेक गोळी दाबून बसवू लागली. पोलीस लाइनीत राहत असताना डमी काडतुसांवर त्यांनीच तिला हे शिकवलं होतं. मॅगझिन अर्धं भरलं तशी ती थांबली.

"एवढ्या होऊ द्या अण्णा, मग पुन्हा भरते."

उस्ताद त्या अर्ध्या मॅगझिनकडे बघत राहिले. हाच सूर ते रोज सकाळी ऐकत होते. एवढा घ्या अण्णा, मग पुन्हा देते. आणि आपण लेकीला चिक्कू म्हणत होतो. कप अर्धा असला म्हणजे सांडत नाही.

"तुला कधी कळलं?"

"एअरपोर्टवर. पासपोर्ट हातात धरून उभे होतात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जीव तोडून लपवत होतात. म्हटलं, लपवू देत."

उस्तादांना भरून आलं. तरी विचारायचं होतं ते त्यांनी विचारलंच. "आणि तिकीट?"

"तिकीट आहे तसंच आहे. पण त्याआधी इथल्या डॉक्टरला दाखवायचं. ते इन्शाल्लावर सोडायचं नाही."

उस्तादांनी नाक ओढलं आणि ते नबीलाकडे वळले. "मॅडम, वो टू टू दीजिए."

"चिमण्यांची?" अंबिकेने विचारलं.

"चिमण्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

टू टूचा धक्का नावालाच. दोन्ही हातांत धरलेलं पिस्तूल जागचं हललं नाही. पहिली मधोमध बसली, दुसरी तिला चिकटून आणि त्यानंतरच्या आजूबाजूलाच. नबीला "माशाल्ला" म्हणाली. अंबिकेने तो कागद गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

परतताना गाडीत उस्तादांनी हात खिशातून काढला, गुडघ्यावर ठेवला आणि खुशाल थरथरू दिला.

"अंबे, उद्यापासून कप पूर्ण भर."

"सांडेल, अण्णा."

"नाही सांडणार. दोन्ही हातांनी धरीन."