धुळीची पिशवी

मलकापुरात उकंडराव वायरमनला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या नादाला हसत नाही असाही नव्हता. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झालेली, आजूबाजूच्या खेड्यांत अजून विजेचा खांब पोचायचा होता, आणि हा गडी विजेवर धूळ ओढणारी जुनी यंत्रं गोळा करत होता. व्हॅक्यूम क्लीनर! बरं, स्वतःच्या घरची जमीन शेणानं सारवलेली. तिच्यावर ते यंत्र फिरवलं असतं तर धुळीबरोबर जमीनही पिशवीत गेली असती. बाजारात कोणी ना कोणी टोकायचंच, "काय उकंडराव, आज कोनत्या मशीनीले भाकर टाकली?" तो हसून पुढं जायचा. नादी माणसाला लाज थोडी कमीच असते, नाहीतर नाद लागलाच नसता.

यंत्रं त्याला मिळत कुठून? स्टेशनामागच्या कापसाच्या जिनांतले गोरे साहेब निघून गेले, त्यांच्या बंगल्यांतून. भुसावळच्या रेल्वे साहेबांकडून. एक तर सिनेमाच्या थेटरातून, पिशवीत शेंगांची टरफलं आणि एक कानातलं घेऊन आलेलं. कोणाची मोटर जळालेली, कोणाची नळी उंदरांनी खाल्लेली. उकंडराव आधी पिशवी सोडायचा, उकिरड्यावर झटकायचा, रिठ्याच्या पाण्यात धुवायचा. मग मोटर उघडायची, कार्बन बदलायचे, ग्रीस भरायचं, पत्रा घासून रंग द्यायचा. त्याचं एकच म्हणणं होतं, की यंत्र असं दिसलं पाहिजे, जसं त्याला आजवर कोणाचा हातच लागला नाही. विकायचा एकही नाही. त्याची बायको वच्छलाबाई शेजारणींना सांगायची, "आमच्या घरी मशीनी खाटंवर निजतात अन् आमी खाली."

एका यंत्रावर मात्र त्याचा फार दिवसांपासून डोळा होता. चिखलीला नारायणरावांची कापसाची अडत होती. घर मोठं, बैठकीला गाद्या आणि सतरंज्या, आणि कापसाचे तंतू सगळीकडे चिकटलेले. म्हणून त्यांनी एका परदेशी कंपनीचं सामान विकायला निघालं तेव्हा ते यंत्र घेतलं होतं. लांबट, लाल, खाली पट्ट्या, पुढं नळी. त्यांच्या घरची वायरिंग उकंडरावनंच केली होती, तेव्हापासून त्याला ते स्वप्नात दिसायचं. दोनदा मागून पाहिलं. नारायणराव म्हणाले, "नलूचा जीव आहे त्याच्यावर. ती देऊ देनार नाई."

नलू त्यांची एकुलती एक पोर. शाळेतून आली की यंत्र घेऊन घरभर फिरायची, आणि शेजारच्या बायका आल्या की मुद्दाम त्यांच्या लुगड्याचा काठ ओढून त्यांना किंचाळायला लावायची. त्या वर्षी ताप आला, मुदतीचा म्हणाले, आणि पोर गेली. चौदा वर्षांची.

उकंडराव तेरवीला गेला. माणूस वाईट नव्हता हो, पोर त्याच्या पाहण्यातली होती, त्याला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटता वाटता त्याची नजर कोपऱ्यात गेली आणि तिथंच राहिली. मयताच्या घरी काही मागायचं नसतं. त्यानं मागितलं नाही. नुसता पाहत राहिला, आणि पाहण्यातही मागणं असतंच.

नारायणरावांनी पोरीचे कपडे वाटून टाकले होते, खाट देऊन टाकली होती, वह्यापुस्तकं कोणाला तरी दिली होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तसंच सांगितलं होतं. त्यांनी उकंडरावची नजर पाहिली आणि म्हणाले, "घेऊन जा बापा तेही. घरात तिची एकबी चीज नको आता. तिच्या मायचं डोकं फिरून जाईन."

उकंडराव रीतीपुरतं एकदा "नको" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही. एसटीच्या टपावर यंत्र बांधून घरी आणलं, आणि वाटेत त्याला जो आनंद झाला त्याची त्याला थोडी शरम वाटली. पण शरमेपेक्षा आनंद पुष्कळच जास्त होता.

पुढं कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका दुपारी नारायणरावांची बायको सुभद्राबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. एकटी. बुलढाण्याला गाडी बदलून आली होती, घरी सांगितलं होतं नांदुऱ्याला बहिणीकडे जाते म्हणून. बाई निम्मी झाली होती. वच्छलाबाईनं दिलेलं पाणी तिनं हातातच धरून ठेवलं.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या मशीनीची पिशवी तुमी उघडली नसंन ना अजून?"

उकंडराव म्हणाला, "काऊन बाई?"

"मी रोज तिची येनी घालून देऊ. खाली केस पडत, ते ती मशीनीनंच ओढे. मंग ताप आला. पिशवी कोनी झटकलीच नाई." हातातलं पाणी तिनं खाली ठेवलं. "यायनं घरात तिचं काई ठेवलं नाई. फोटू नाई. लग्नाले पाहाले येतीन तवा काढू म्हनून राह्यला. राती ध्यानात आलं का पिशवीत तिचे केस असतीन. मले दुसरं काई नको, भाऊ. मशीन राहू द्या तुमाले."

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. उकंडरावला ते दोन शब्द काही जमले नाहीत. "हाव, तशीच हाय," तो म्हणाला. "आनतो."

आत दाराआड वच्छलाबाई उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिनं त्याचा दंड धरला. "आवो, ते केस मले उकिरड्यावर दिसले होते. हे एवढे लांब, काळेभोर. वाया काऊन जाऊ द्या म्हनून म्या धुतले, अन् गुंडाळून ठेवले. केसवाली आली तवा तिले देऊन टाकले."

"काय घेतलं?"

"सुया."

गावोगाव हिंडणारी ती बाई, विंचरून गळालेले केस घेऊन सुया-टाचण्या देणारी. ते केस आता कोणाच्या गंगावनात गेले असतील, देवाला ठाऊक. उकंडराव मटकन खाली बसला.

वच्छलाबाईनं भिंतीच्या फटीत हात घातला आणि तिथं खुपसून ठेवलेला स्वतःच्या केसांचा गुंता बाहेर काढला. सवाष्णीचे केस कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून त्यावर थुंकल्याशिवाय ती ते ठेवायचीही नाही, आणि आज मेलेल्या पोरीच्या नावानं देत होती. उकंडरावनं खुंटीवरची पिशवी काढली. त्यानंच घासून पांढरी केलेली ती पिशवी त्यानं जमिनीवर घासली, डब्यांमागची धूळ तिच्यात भरली, वर तो गुंता कोंबला.

सुभद्राबाईनं पिशवी मांडीवर घेतली, बाळ घेतात तशी. दोरी सोडली, आत हात घातला, आणि केस बोटांना लागताच तिच्या तोंडून असा आवाज निघाला की रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला वळून पाहायला लागला. केस तिनं गालाला लावले, नाकाशी धरले. उकंडरावच्या मनात आलं, सुटलो बुवा. लबाडीनं का होईना, बाईच्या जिवाला थंडावा मिळाला.

मग गुंत्यातला एक केस तिनं चिमटीत धरून ओढला आणि दाराच्या उजेडात नेला. पांढरा होता. तिनं दुसरा ओढला, तोही पांढरा. तिनं मान वर केली आणि वच्छलाबाईच्या भांगाकडे पाहिलं.

वच्छलाबाई तिच्या पायांवर कोसळली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. उकिरडा, केसवाली, सुया, काही लपवलं नाही. उकंडराव भिंतीला टेकून ऐकत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण धरणी असल्या कामाला कधी येत नाही.

सुभद्राबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं वच्छलाबाईला उठवलं, तो गुंता तिच्या पदरात बांधून दिला आणि म्हणाली, "अहेव बाईनं असं करू नोये. घरी जाळून टाका हे. तुमाले मुलंबाळं हायेत." मग उकंडरावकडे वळून, "मशीन दाखवता काय?"

तो आत गेला आणि यंत्र उचलून आणलं. लाल रंग असा की त्यात तोंड दिसावं, निकेलच्या पट्ट्या लखलखणाऱ्या. खाली ठेवताना सवयीनं त्यानं बाहीनं एक डाग पुसला, आणि पुसल्यावर त्याची त्यालाच चीड आली.

सुभद्राबाई यंत्रापाशी बसली. तिनं पुढच्या अंगावरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा, जरा खाली, जरा बाजूला. आंधळं माणूस ओळखीची वस्तू चाचपतं तशी ती बोटांनी काहीतरी शोधत होती.

"इथं पोचा होता," ती म्हणाली. "तिनं उंबऱ्यावर आदळली होती मशीन. नवी कोरी चीज, म्हनून म्या तिच्या थोबाडीत मारली. तिच्यावर मी एकदाच हात टाकला, तेवढाच." बोटं अजून फिरत होती. "कुठी गेला तो?"

उकंडरावला तो पोचा चांगला आठवत होता. लाकडी हातोडीनं आतून ठोकून ठोकून त्यानं तो वर आणला होता. त्या एका पोच्यात त्याचे दोन दिवस गेले होते, आणि काम जमलं तेव्हा त्यानं वच्छलाबाईला हाक मारून दाखवलं होतं, की सांग बरं, कुठं होता?

"काढला बाई," तो म्हणाला.

तिचा हात तिथंच राहिला. ते त्याला पाहवेना. जन्मभर मोडकं नीट करणाऱ्या त्या माणसाला दुसरं काहीच सुचलं नाही. त्यानं फळीवरची हातोडी उचलली आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, मी पुन्हा पाडून देतो. जिथं होता तिथंच. जसा होता तसाच."

सुभद्राबाईनं हातोडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नोको भाऊ," ती उठत म्हणाली. "तुमी तो लय सफाईनं पाडसान."

आणि पदर सारखा करून ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली.