मागे घेतलेले पाय

माफी मागायला माणूस एकटा येतो, असा माझा समज होता. अभिमन्यू दोन कॅमेरे, एक मॅनेजर आणि भलामोठा हार घेऊन आला.

मालिकेतला हा हिरो मूळचा सोलापूरचाच. साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला तो आला, तेव्हा माझे अब्बा, बँडमास्तर नबीसाब, दारात क्लॅरनेट वाजवत होते. अभिमन्यूसाहेब फोनवर बोलत होते. आवाजाने चिडून त्याने अब्बांच्या तोंडातून क्लॅरनेट ओढलं आणि रस्त्यावर फेकलं. अब्बांचा ओठ फाटला. बघ्यांनी व्हिडिओ काढलाच होता. संध्याकाळपर्यंत अब्बा सगळ्यांचे 'आपले मास्तर' झाले आणि अभिमन्यूला मालिकेतून काढणार अशी चर्चा सुरू झाली. मग साहेबांना पश्चात्ताप झाला.

आमच्या कुंभारी गावातल्या घरात उभं राहायला जागा उरली नाही. अभिमन्यूने हात जोडले, "मास्तर, चुकलो," म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते, तेवढं मी नाकारणार नाही.

"हुतंय माणसाकडनं," अब्बा म्हणाले. "माफ केलं बेटा. च्या घ्या की."

तिथेच मिटलं असतं. पण मॅनेजरने मागून सुचवलं, "दादा, पाया पडा." अभिमन्यू वाकला आणि अब्बांनी झटकन पाय मागे घेतले. माणसाने माणसापुढे असं वाकलेलं आमच्यात चालत नाही. एरवी लग्नात एखादा नवरदेव पाया पडायला आला, तर अब्बा त्याला खांद्याला धरून अर्ध्यातच उभा करतात. या वेळी त्यांच्या हातात चहाची बशी होती. "पाया नको बेटा, आमच्यात न्हाय चालत," असं ते म्हणालेसुद्धा.

व्हिडिओ आला, त्यात 'माफ केलं' नव्हतं आणि 'न्हाय चालत'ही नव्हतं. वाकलेला अभिमन्यू, मागे सरलेले पाय आणि वर रडकं व्हायोलिन. खाली लोकांनी अब्बांना सोलून काढलं. एवढा कसला माज? यांच्यापुढे कितीही वाका, हे असेच. 'हे' म्हणजे कोण, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. लिहिणारे बरेचसे कालचेच, 'आपले मास्तर' म्हणणारे.

लग्नसराई तोंडावर होती. गावातल्या बड्या आबासाहेबांचा फोन आला. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात अब्बाच वाजवत आलेत.

"मास्तर, माझं काय न्हाय ओ. पर पोरं म्हणत्यात वरातीत राडा करतू. तुमी एक व्हिडिओ टाका की, माफी मागा, मिटवून टाका. न्हायतर मला दुसरा बँड बगावा लागंल."

त्यांची सुपारी गेली की बाकीच्याही जाणार, हे अब्बांना पक्कं ठाऊक होतं. बँडमधल्या सगळ्या वाजंत्र्यांची घरं अब्बांच्याच भरवशावर चालतात.

मी अंगणात जाऊन अभिमन्यूला फोन लावला. "पूर्ण व्हिडिओ टाका. बाकी काही नको."

"ताई, एडिट मी नाही केलं."

"पण तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. पण लोक आत्ता कुठे शांत झालेत. परत विषय निघाला तर मालिका हातची जाईल. थोडे दिवस थांबा ना."

"लग्नाचे मुहूर्त थांबतात का?"

त्याने फोन ठेवला. अख्खा बँड घेऊन जावं आणि त्याच्या दारात कान फुटेस्तोवर वाजवावं, इतकी मी पेटले होते.

परत आत आले तर अब्बा बँडचा लाल कोट घालून खुर्चीत बसलेले. "आयेशा, फोन धर."

"कशाची माफी मागणार तुम्ही?"

"पाय मागं घेतल्याची."

"अब्बा!"

"धर म्हणतोय की."

ओठाची जखम ओली होती, त्यामुळे शब्द सावकाश निघत होते. "अभिमन्यूसाहेबांचं, तुमा सगळ्यांचं मन दुखलं आसंल तर मी माफी मागतो. माज्या मनात काय न्हवतं." एवढं बोलून त्यांनी हात जोडले. मला रडू येत होतं. तरी मी तो व्हिडिओ टाकला.

दोघंही फोनकडे बघत बसलो. पहिली कमेंट आली.

"काय म्हणत्यात?" अब्बांनी विचारलं.

लपवायला हवं होतं. पण रागाने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी वाचून दाखवलं, "मनापासून वाटत नाही."

अब्बांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले.

"मग परत एकदा काढ," ते म्हणाले.